गृहिणी, वय ४९

३ सप्टेंबर १९३९ हा रविवार होता. सकाळी सव्वाअकरा वाजता ब्रिटनचे पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन यांनी रेडिओवरून जर्मनीशी युद्ध सुरू झाल्याचे जाहीर केले. इतिहासाच्या पुस्तकातील त्या दिवसाची नोंद बहुधा येथेच संपते. परंतु त्याच रात्री इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील बॅरो-इन-फर्नेस या जहाजबांधणीच्या गावी एक प्रौढ बाई निजण्यापूर्वी कागद घेऊन बसल्या आणि आजचा दिवस आपल्या घरात कसा गेला, हे लिहू लागल्या. त्यांचे नाव नेला लास्ट. यजमान सुतारकामाचा व दुकाने सजविण्याचा धंदा करीत. दोन मुले हाताशी आलेली, आणि धाकट्याला आता सैन्यात जावे लागणार हे उघड दिसत होते. स्वतःची ओळख त्यांनी मोजक्या शब्दांत दिली : 'गृहिणी, वय ४९'.

ही रोजनिशी त्यांनी पेटीत कुलूपबंद करून ठेवली नाही. आठवडाभराची पाने झाली की ती पाकिटात घालून त्या पोस्टात टाकीत. ज्यांना ती जात, त्या मंडळींना त्यांनी आपण होऊन 'मी लिहीन' असे कळविले होते. तिकडे त्यांच्या पानांवर ५३५३ हा क्रमांक पडत असे. असे लिहिणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या. १९३९ ते १९६७ या काळात सुमारे ४८० स्त्रीपुरुषांनी अशा रोजनिशा लिहून पाठविल्या. कोणी चार दिवसांत कंटाळले, कोणी वर्षभर टिकले. नेलाबाई मात्र १९६६ पर्यंत लिहीत राहिल्या. त्यांच्या हातून एक कोटीहून अधिक शब्द लिहिले गेले असावेत, असा अंदाज आहे.

समाजाचा अभ्यास करण्याची ही रीत आता विद्यापीठांतून शिकवली जाते. 'किती' हे मोजण्यापेक्षा 'कसे' आणि 'का' हे समजून घेऊ पाहणाऱ्या संशोधनाला गुणात्मक संशोधन म्हणतात. ज्यांच्या जीवनाचा अभ्यास करावयाचा त्यांच्याकडूनच रोजनिशी लिहवून घेणे ही त्यातील एक मान्य पद्धती होय. मराठी वाचकाला रोजनिशी हा शब्द परका नाही. पेशव्यांच्या दप्तरातील रोजनिशांमधून गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेले उतारे छापून निघाले, त्यालाही आता शंभरावर वर्षे लोटली. पण त्या रोजनिशा दरबाराच्या. हुकूम, नेमणुका, इनामे यांची ती नोंद. त्या दिवशी एखाद्या कारकुनाच्या घरी चूल पेटली की नाही, हे त्यात सापडावयाचे नाही. इंग्लंडातील या उद्योगाने नेमक्या त्या चुलीकडे लक्ष वळविले. तो सुरू कसा झाला, ही हकीकत थोडी मागे जाऊन सांगितली पाहिजे.

१९३६ च्या डिसेंबरात राजे आठवे एडवर्ड यांनी सिंहासनाचा त्याग केला. दोनदा घटस्फोट घेतलेल्या एका अमेरिकन स्त्रीशी त्यांना लग्न करावयाचे होते. ३ डिसेंबरपर्यंत ब्रिटिश वृत्तपत्रांनी या प्रकरणाविषयी मौन पाळले होते. मौन सुटताच सगळेच 'जनतेच्या' नावाने बोलू लागले. जनतेला हा विवाह मान्य होणार नाही, असे मंत्रिमंडळ म्हणे. जनता राजाच्या पाठीशी आहे, असे काही वृत्तपत्रे म्हणत. पण जनतेला विचारले कोणी? हा प्रश्न ज्यांना टोचला त्यांत चार्ल्स मॅज हा तरुण कवी होता. तो 'डेली मिरर'मध्ये बातमीदारी करी, आणि जनतेचे मत कचेरीत बसून कसे तयार होते हे त्याने जवळून पाहिले होते. २ जानेवारी १९३७ च्या 'न्यू स्टेट्समन' साप्ताहिकात त्याचे एक पत्र प्रसिद्ध झाले. रानटी म्हणवल्या जाणाऱ्या जमातींचा अभ्यास मानववंशशास्त्रज्ञ करतात, तसा आपल्याच देशातील माणसांचा का करू नये, अशी त्याची सूचना होती.

योगायोगाची गोष्ट अशी की, त्याच अंकात टॉम हॅरिसन नावाच्या दुसऱ्या एका तरुणाची कविता छापली होती. हा हॅरिसन पक्षिशास्त्राचा अभ्यासक. पॅसिफिक महासागरातील न्यू हेब्रिडीज बेटांवर, म्हणजे आजच्या व्हानुआतूमध्ये, तेथल्या लोकांत मिसळून राहून तो परतला होता आणि लँकेशायरमधील बोल्टन या सूतगिरण्यांच्या गावी मुक्काम ठोकून गिरणीत कामही करीत होता. बेटावरच्या माणसाला समजून घेण्यासाठी त्याच्या शेजारी राहावे लागते, तर बोल्टनच्या माणसाला समजून घेण्यासाठी वेगळे काय करावयाचे, असे त्याचे सरळ गणित होते. त्याने मॅजचे पत्र वाचले आणि मॅजशी संधान बांधले. पोस्टखात्याच्या चित्रपट विभागात काम करणारा हम्फ्री जेनिंग्ज त्यांना येऊन मिळाला. ३० जानेवारी १९३७ रोजी तिघांच्या सहीचे पत्र त्याच साप्ताहिकात झळकले आणि 'मास-ऑब्झर्वेशन' या संस्थेचा जन्म झाला. मराठीत तिला 'जननिरीक्षण' म्हणता येईल. अभ्यासाच्या विषयांची जी यादी पत्रात दिली होती ती वाचून विद्वानांना हसू आले असल्यास नवल नाही. युद्धस्मारकापुढे लोक कसे वागतात, मोटार हाकणारे कसे ओरडतात व हातवारे करतात, दाढ्या आणि भुवया, प्रेतसंस्काराची व्यवस्था पाहणारे धंदेवाले, असे कशाचा कशाला मेळ नसलेले विषय त्यात होते.

या तिघांचे एकमेकांशी फार काळ पटले नाही. पण त्यांच्या मतभेदातच रोजनिशीच्या पद्धतीचे मर्म आहे. हॅरिसनचा भर पाहण्यावर व ऐकण्यावर होता. बोल्टनमध्ये त्याचे सहकारी गुत्त्यात कोपरा धरून बसत आणि गिऱ्हाईक बिअरचा पेला किती मिनिटांत रिता करते हे घड्याळ लावून टिपून घेत. गिऱ्हाइकाला याचा पत्ताही नसे. मॅजचा मार्ग निराळा होता. लंडनच्या ब्लॅकहीथ भागातील आपल्या घरातून त्याने देशभरच्या स्वयंसेवकांना विनंती केली, की प्रत्येक महिन्याच्या १२ तारखेला सकाळी जाग आल्यापासून रात्री झोप लागेपर्यंत काय काय घडले, हे लिहून पाठवावे. १२ फेब्रुवारी १९३७ हा त्यातला पहिला दिवस. येथे पाहणारा आणि ज्याला पाहावयाचे तो, हे दोघे एकच होते. गुत्त्यातल्या गिऱ्हाइकावर नजर ठेवणे आणि एखाद्या शिक्षिकेने वा कारकुनाने आपल्या इच्छेने आपला दिवस लिहून देणे, यांत नीतीच्या दृष्टीने केवढे अंतर आहे, हे त्या वेळी फारसे कोणी बोलून दाखविले नाही.

त्याच वर्षी १२ मे रोजी सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक होता. हा दिवस आयताच बाराव्या तारखेला आला. दोनशेहून अधिक निरीक्षकांच्या लिखाणातून जेनिंग्ज आणि मॅज यांनी त्या एका दिवसाचे जाडजूड पुस्तक सिद्ध केले. मिरवणूक, मुकुट, तोफा हे सारे त्यात आहेच. परंतु लंडनमध्ये बसगाड्यांचा संप चालू होता, पावसाची भुरभुर चालू होती, कोणी रेडिओपुढे उभे राहावे की बसावे या विवंचनेत होते, हेही त्यात आहे. पुस्तक फारसे खपले नाही, आणि हॅरिसनला तर ते मुळीच आवडले नाही. आज त्या राज्याभिषेकाचे अधिकृत वर्णन वाचावयास कोणी जात नाही. या पुस्तकाकडे मात्र अभ्यासक पुन्हा पुन्हा वळतात.

रोजनिशी लिहवून घेण्याची कल्पना अगदीच नवी होती असे नाही. लंडनच्या लँबेथ या गरीब वस्तीत फेबियन पंथाच्या स्त्रियांनी १९०९ पासून सुमारे चार वर्षे एक प्रयोग चालविला होता. आठवड्याला एका पौंडाच्या आसपास मिळकत असलेल्या कुटुंबांतील गरोदर स्त्रियांना मूल वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्याला ५ शिलिंग पोषणासाठी द्यावयाचे, आणि त्या घरांनी खर्चाचा हिशेब रोजच्या रोज ठेवावयाचा, अशी ती योजना होती. काही बायांना लिहिता येत नसे. मग त्या सांगत आणि नवरा किंवा शाळेत जाणारे पोर लिहून घेई. मॉड पेंबर रीव्ह्ज यांनी १९१३ साली हे हिशेब पुस्तकरूपाने मांडले. गरिबांच्या बायका उधळ्या असतात, त्यांना संसार करता येत नाही, अशी सुखवस्तू समाजाची तोवर समजूत होती. त्या हिशेबांपुढे ती टिकली नाही. कोळसा थोडा थोडा घ्यावा लागतो म्हणून गरिबाला तो श्रीमंतापेक्षा महाग पडतो, पोटाला पुरेसे नसतानाही मुलाच्या अंत्यविधीसाठी दर आठवड्याला काही पेनी विम्यात भरावे लागतात, आणि मांसाचा मोठा वाटा कमावत्या पुरुषाला देऊन बाई स्वतः भाकरतुकड्यावर दिवस काढते, हे सारे शिलिंग-पेन्सांत मांडलेले होते. बाहेरून आलेल्या पाहुणीने एकदा विचारले असते, तर यातले निम्मेही निघाले नसते. रोज लिहिण्याने निघाले. अब्रूची भीती एका भेटीत जात नाही.

जननिरीक्षणाच्या मंडळींनी हे हत्यार मोठ्या प्रमाणावर वापरले, ते युद्ध येऊन ठेपल्यावर. १९३९ च्या ऑगस्टअखेरीस युद्ध अटळ दिसू लागले, तेव्हा त्यांनी आपल्या स्वयंसेवकांना महिन्यातला एक दिवस सोडून रोजच्या रोज लिहिण्याची विनंती केली. नमुना ठरवून दिलेला नव्हता. किती ओळी लिहाव्यात, कशाविषयी लिहावे, याचे बंधन नव्हते. या मोकळीकीचे तोटे पुढे येतीलच. परंतु नेला लास्ट यांच्यासारखी लेखिका हाती लागली ती त्या मोकळीकीमुळेच.

बॅरोमध्ये युद्धनौका बांधल्या जात, म्हणून १९४१ च्या एप्रिल-मे महिन्यांत जर्मन विमानांनी त्या गावाला झोडपून काढले. नेलाबाईंच्या घराच्या काचा फुटल्या, छताचे तुकडे खाली आले. त्या हल्ल्यांच्या रात्री त्यांनी लिहिल्या आहेत. पण त्यांच्या रोजनिशीचे खरे मोल निराळ्याच ठिकाणी आहे. युद्धापूर्वी त्यांची प्रकृती मानसिक त्रासाने खचली होती. यजमान अबोल व घुमे. बाईंनी बाहेर फारसे पडू नये, लोकांत मिसळू नये, ही त्यांची वृत्ती. युद्ध आले आणि बाई स्त्रियांच्या स्वयंसेवक दलात जाऊ लागल्या. फिरत्या उपाहारगृहात त्यांनी चहा वाटला, रेडक्रॉसचे दुकान चालविले, रुग्णालयातील मुलांसाठी चिंध्यांच्या बाहुल्या शिवल्या. आपण कोणाच्या तरी उपयोगी पडतो आहोत, ही जाणीव त्यांना पन्नाशीत प्रथम झाली. दिवसेंदिवस लिहिता लिहिता त्यांच्या ध्यानात येऊ लागले, की इतकी वर्षे आपण नवऱ्याची मर्जी सांभाळण्यालाच संसार समजत आलो. ही जाणीव एका दिवशी एका वाक्यात उतरलेली नाही. आज एक ठिणगी, पंधरा दिवसांनी दुसरी, मध्ये रेशनचे लोणी आणि शेजारणीचे दुखणे, अशी ती हळूहळू वाढत गेलेली दिसते. प्रश्नावली घेऊन दारात उभ्या राहिलेल्या कोणा संशोधकाने 'आपण सुखी आहात काय?' असे विचारले असते, तर १९३९ साली त्यांनी बहुधा 'होय' म्हणून दार लावून घेतले असते.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो योग्य आहे. बाई बदलत होत्या म्हणून रोजनिशीत तसे उमटले, की रोजनिशी लिहीत होत्या म्हणून बाई बदलल्या? थर्मामीटर लावल्याने ताप चढत नाही. रोजनिशीविषयी तशी खात्री देता येत नाही. रोज रात्री स्वतःच्या दिवसाकडे पाहणारा मनुष्य दुसऱ्या दिवशी थोडा वेगळा वागतो. ही पद्धती वापरणाऱ्यांना हा दोष अजून काढून टाकता आलेला नाही. तो काढता येईल असेही वाटत नाही. लक्षात ठेवून वाचणे एवढेच हाती उरते.

दुसरा आक्षेप शास्त्रज्ञांनी तेव्हाच घेतला होता. मानववंशशास्त्रात मोठे नाव असलेले ब्रॉनिस्लॉ मॅलिनोव्हस्की यांनी या चळवळीला १९३८ साली सहानुभूतीने आशीर्वाद दिला. पण त्यांचेच शिष्य रेमंड फर्थ यांनी दुसऱ्या वर्षी तिच्या कामाची कठोर झडती घेतली. रोजनिशी लिहून पाठविणारे हे लोक देशाचे प्रतिनिधी आहेत, हे कशावरून? खरोखर ते नव्हतेच. त्यांत मध्यम व कनिष्ठ मध्यम वर्गाचा भरणा अधिक, लिहिण्याची आवड असलेले अधिक, डाव्या विचारांकडे झुकलेले अधिक. दिवसभर खाणीत राबून आलेला मजूर रात्री तीन पाने लिहीत बसत नाही. तेव्हा ४८० रोजनिशांवरून 'ब्रिटिश जनतेचे मत' काढू पाहणे चूकच. परंतु ती चूक रोजनिशीची नव्हे, तिच्याकडून भलतेच काम करून घेणाऱ्याची आहे. तराजूने कापड मोजता येत नाही म्हणून तराजू मोडीत काढावा, असे कोणी म्हणत नाही.

तिसरी गोष्ट याहून गंभीर होती. १९४० च्या वसंतात ब्रिटनच्या माहिती मंत्रालयाने मास-ऑब्झर्वेशनशी करार केला. लोकांचा धीर टिकून आहे की खचतो आहे, अफवा कोणत्या पसरताहेत, याचे अहवाल सरकारला हवे होते. संस्थेला पैसा मिळाला, हॅरिसनला काम मिळाले. जनतेचा आवाज सत्ताधाऱ्यांच्या कानी पोहोचविणे हेच तर आपले ध्येय होते, असे तो म्हणू शकत होता. मॅजला ते पटले नाही. ज्या माणसांनी आपले मन शास्त्रासाठी उघडे केले, त्यांच्या शब्दांवर सरकारने टेहळणीचा इमला उभारावा, ही कल्पना त्याला सहन झाली नाही आणि त्याच वर्षी त्याने संस्था सोडली. उन्हाळ्यात वृत्तपत्रांनीही ओरड केली. माहितीमंत्री डफ कूपर यांच्या नावावरून, घरोघर जाऊन प्रश्न विचारणाऱ्या मंत्रालयाच्या नोकरांना 'कूपरचे टेहळे' असे कुचेष्टेचे नाव पडले. ती टीका प्रश्न विचारणाऱ्यांवर होती, रोजनिशीवाल्यांवर नव्हे. पण प्रश्न दोघांनाही लागू होता. एकाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट दुसऱ्याच्या मेजावर जाते, तेव्हा सांगणाऱ्याची परवानगी कोणी घेतलेली असते? त्या काळी अशा परवानगीचा नियम नव्हता. आज विद्यापीठांच्या नीतिसमित्या लेखी संमतीशिवाय रोजनिशीचे पान हाती धरू देत नाहीत.

युद्धानंतर ही चळवळ ओसरली. १९४९ साली तिचे रूपांतर बाजारपेठेची पाहणी करणाऱ्या कंपनीत झाले. कोणता साबण का खपतो, हे ती शोधू लागली. रोजनिशांचे गठ्ठे धूळ खात पडले. १९७० मध्ये ससेक्स विद्यापीठाचे कुलगुरू व इतिहासकार असा ब्रिग्ज यांनी ते गठ्ठे विद्यापीठात आणविले आणि हॅरिसन त्यांच्याबरोबर आला. १९७५ साली ते दप्तर अभ्यासकांस खुले झाले.

याच सुमारास हॅरिसनने एक प्रयोग केला. रोजनिशीच्या बाजूने देता येणारा सर्वांत बळकट पुरावा त्यातून मिळाला. युद्धकाळात ज्यांनी रोजनिशा लिहिल्या त्यांच्यापैकी काहींना गाठून त्याने विनंती केली : जुन्या पानांकडे न पाहता, अमुक घटना घडली तेव्हा आपण कोठे होता, काय केले, काय वाटले, हे आज आठवून लिहा. मग त्याने तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे पान आणि आजचे पान शेजारी शेजारी ठेवले. दोहोंचा फारसा मेळ बसेना! जेथे भीती लिहिली होती तेथे आठवणीत धैर्य आले होते. इतरांच्या तोंडून, चित्रपटांतून, पुस्तकांतून ऐकलेले युद्ध लोकांच्या स्वतःच्या युद्धावर चढून बसले होते. यांत कोणी खोटे बोलत नव्हते. प्रत्येकाला आपण खरे तेच सांगतो आहोत असे वाटत होते. बॉम्बवर्षावातील जीवनावर हॅरिसनने जे पुस्तक लिहिले, त्यात हा निष्कर्ष आहे. ते पुस्तक १९७६ साली निघाले. ते पाहावयास तो राहिला नाही. त्याच वर्षीच्या जानेवारीत थायलंडमध्ये रस्त्यावरील अपघातात त्याचा अंत झाला.

शेवट ठाऊक असलेला मनुष्य आरंभाची हकीकत सरळ सांगू शकत नाही. आत्मचरित्र आणि मुलाखत यांच्या आड हीच अडचण येते. रोजनिशी लिहिणाऱ्याला उद्या काय होणार हे ठाऊक नसते. १९४० च्या जूनमध्ये लिहिणाऱ्याला इंग्लंड जिंकणार आहे हे माहीत नव्हते, आणि त्याच्या अक्षरांत ती अनिश्चितता शाबूत आहे. इतिहासाच्या साधनांत ही वस्तू फार दुर्मिळ होय.

हॅरिसनच्या पश्चात हे काम पुढे नेणारे प्राध्यापक डेव्हिड पोकॉक यांची तयारी गुजरातेत झाली होती, हे बडोद्याकडील वाचकांस आवडेल. खेडा जिल्ह्यातील, म्हणजे चरोतरातील, पाटीदार समाजात राहून त्यांनी अभ्यास केला होता आणि कणबी व पाटीदार यांच्यावरील त्यांचा ग्रंथ १९७२ साली प्रसिद्ध झाला. चरोतरच्या गावात जी जिज्ञासा घेऊन ते हिंडले, तीच घेऊन ते ब्रिटनकडे वळले. १९८१ साली त्यांनी डोरोथी शेरिडन यांच्या साहाय्याने नव्या स्वयंसेवकांना आवाहन केले. त्या उन्हाळ्यात राजपुत्र चार्ल्स व डायना यांचा विवाह होता. ४४ वर्षांपूर्वीच्या राज्याभिषेकासारखाच हा दिवसही सामान्य माणसांनी लिहून काढला. आजही ते काम चालू आहे. नव्या स्वयंसेवकांत स्त्रिया अधिक, वयस्क अधिक. म्हणजे प्रतिनिधित्वाचा जुना आक्षेप जागच्या जागी आहे.

इकडे अमेरिकेत डॉन झिमरमन आणि लॉरेन्स वीडर यांनी १९७७ साली या पद्धतीला एक उपयुक्त जोड दिली. प्रस्थापित समाजरीती झुगारून राहणाऱ्या तरुणांचा ते अभ्यास करीत होते. संशोधक तेथे गेला की सगळ्यांचे वागणे बदले. म्हणून त्यांनी त्या तरुणांपैकीच काहींना सात दिवसांची रोजनिशी लिहावयास सांगितली : कोण, काय, केव्हा, कोठे, कसे. मग ती वाचून लेखकाला समोर बसविले आणि ओळीओळीवर प्रश्न विचारले. येथे 'मित्र' म्हटले तो कोण? हे रोजच घडते की त्याच दिवशी घडले? जे लिहिले नाही ते का लिहिले नाही? रोजनिशी आणि मुलाखत यांची ही जोडी आता सर्वत्र रूढ आहे. रोजनिशीतील मौने तिच्यामुळे बोलकी होतात. लिहिणारा जे गृहीत धरतो ते तो लिहीत नाही, आणि वाचणाऱ्याला नेमके तेच हवे असते.

आफ्रिकेतील मलावी देशात १९९९ पासून आणखी एक वळण घेतले गेले. एड्सच्या साथीविषयी लोक आपसांत काय बोलतात, हे परक्या संशोधकाला कोण सांगणार? म्हणून गावांतीलच काही तरुणांना वह्या देण्यात आल्या. बाजारात, बसमध्ये, प्रेतयात्रेत कानावर पडलेले संभाषण त्यांनी रात्री घरी येऊन आठवून लिहावयाचे. यातून जे हाती आले ते प्रश्नावल्यांच्या उत्तरांहून कितीतरी जिवंत होते. परंतु बोल्टनच्या गुत्त्यातील तो जुना पेच येथे पुन्हा उभा राहतो : ज्यांचे बोलणे लिहिले गेले, त्यांना ते ठाऊक नव्हते. नावे बदलली, गावे झाकली, म्हणजे हा पेच सुटतो, असे मानणे थोडे सोयीचेच आहे.

नावांच्या बाबतीत ससेक्सचे दप्तर कडक आहे. रोजनिशीलेखकांची ओळख तेथे जपली जाते. सायमन गारफिल्ड यांनी २००४ साली युद्धोत्तर काळातील काही रोजनिशा संपादित केल्या, तेव्हा लेखकांना कल्पित नावेच द्यावी लागली. नाओमी मिचिसन यांच्यासारख्या ख्यातनाम कादंबरीकर्तीचा अपवाद. स्कॉटलंडमधील कॅराडेल येथे लिहिलेली त्यांची युद्धकालीन रोजनिशी १९८५ साली त्यांच्या नावानेच छापली गेली. नेला लास्ट यांचे नाव मात्र त्यांच्या पश्चात जगापुढे आले. १९६८ साली त्या वारल्या. आपली पाने कोणी वाचते की नाही, याची त्यांना कधी नीट कल्पना आली असेल असे वाटत नाही. १९८१ मध्ये त्यांच्या युद्धकालीन रोजनिशीचे पुस्तक निघाले. पुढे शांततेच्या काळातील पानांची आणखी दोन पुस्तके झाली. २००६ साली व्हिक्टोरिया वुड यांनी ब्रिटिश टेलिव्हिजनसाठी त्यांच्यावर चित्रपट लिहिला, बाईंची भूमिका स्वतःच केली आणि चित्रपटाला नाव दिले तेच : 'गृहिणी, वय ४९'.

ते सगळे कागद २०१३ पासून ब्रायटनजवळील 'द कीप' या अभिलेखागारात ठेवलेले आहेत. दरवर्षी १२ मे आला की तेथून सर्वांना विनंती होते : आज दिवसभरात काय झाले ते लिहून पाठवा. २०२० च्या १२ मे रोजी, कोरोनाच्या साथीने सारा देश घरात बसला असताना, हजारो लोकांनी लिहून पाठविले. त्या दिवशी ती साथ किती दिवस चालणार आहे, हे त्यांच्यापैकी कोणालाही ठाऊक नव्हते.